सल्फाइडचा थेंब वाचताना या चुका टाळा

ड्रिल कोअरच्या पेटीत काळपट खडकावर पितळी-तपकिरी चमकीचे ठिपके दिसले की नवख्याच्या तोंडून हमखास निघते, "निकेल लागले!" ठिपके खरेच सल्फाइडचे, म्हणजे गंधक आणि धातूंच्या संयुगांचे असतात. पण त्यांतला मोठा भाग पायरोटाइटचा असतो, आणि पायरोटाइट म्हणजे लोह आणि गंधक, एवढेच. जवळजवळच्या दोन राशींमध्ये (म्हणजे जमिनीखाली शिलारस गोठून झालेल्या खडकांत) अगदी सारखे दिसणारे ठिपके असू शकतात. एकीच्या ठिपक्यांत निकेल, तांबे, प्लॅटिनम, पॅलेडियम भरलेले असते, तर दुसरीच्या ठिपक्यांत जवळपास काहीच नसते. हा फरक त्या थेंबाच्या पूर्वायुष्यात दडलेला असतो: तो शिलारसातून कधी सुटला, आणि सुटल्यावर किती शिलारसाशी त्याची गाठ पडली? विद्यार्थ्यांच्या वह्यांत आणि मुरलेल्या लोकांच्या अहवालांतही ज्या चुका मी पुन्हा पुन्हा पाहतो, त्यांतल्या बऱ्याचशा हे दोन प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

आधी मुळाची गोष्ट सांगतो. शिलारस म्हणजे मुख्यतः वितळलेले सिलिकेट, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची संयुगे. त्यात गंधक फार थोडे विरघळते. बेसाल्टी शिलारसात साधारण ०.१ टक्का, म्हणजे १,००० पीपीएमच्या (दशलक्षात १,००० भागांच्या) आसपास. त्याहून जास्त झाले की जास्तीचे गंधक लोहाला सोबत घेऊन वेगळ्या द्रवाच्या थेंबांत बाहेर पडते. पाण्यात तेल वेगळे राहावे तसे हे दोन रस एकमेकांत मिसळत नाहीत. निकेल, तांबे आणि विशेषतः प्लॅटिनम गटातले धातू (प्लॅटिनम, पॅलेडियम, इरिडियम वगैरे) सिलिकेट सोडून या थेंबांकडे ओढले जातात. थेंब धातू निर्माण करत नाही, तो फक्त गोळा करतो. पुढचे सगळे यावरच उभे आहे.

दाब उतरला की सल्फाइड सुटते, असे मानणे

ही चूक समजण्यासारखी आहे. सोड्याची बाटली उघडली की विरघळलेला वायू फसफसून बाहेर येतो, आणि शिलारसातली पाण्याची वाफही वर येताना तशीच सुटते. मग गंधकाचेही तसेच होत असणार, असे वाटते. प्रत्यक्षात सल्फाइडच्या बाबतीत उलटे घडते. मॅव्ह्रोजेनिस आणि ओनील यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी हे स्पष्ट दाखवले: दाब कमी होतो तशी, सल्फाइड वेगळे पडण्यापूर्वी शिलारसात मावणाऱ्या गंधकाची मर्यादा वाढते. म्हणजे प्रावरणात जो शिलारस गंधकाने काठोकाठ भरलेला होता, तोच कवचाच्या वरच्या भागात पोचेपर्यंत अतृप्त झालेला असतो. वाटेत थेंब असलेच तर तेही पुन्हा विरघळू शकतात.

म्हणून 'शिलारस वर आला आणि सल्फाइड सुटले' हे वाक्य कुठे लिहिले असेल तर खोडा आणि विचारा, त्याला संपृक्त करणारे काय घडले? शिलारस थंड होऊन त्यातून ऑलिव्हिन, पायरॉक्सीन, प्लॅजिओक्लेज यांचे स्फटिक वेगळे होत गेले की उरलेल्या रसात गंधकाचे प्रमाण चढत जाते आणि तापमान उतरल्याने मर्यादा खाली येते. या मार्गाने सल्फाइड सुटते खरे, पण चिमूटचिमूट. शिलारसाने सिलिकाने समृद्ध खडक पचवला तरीही मर्यादा खाली येते. तिसरा मार्ग म्हणजे बाहेरून थेट गंधकच मिळणे: काळे गंधकयुक्त शेल (चिखलाचा थरदार खडक), सल्फाइड असलेले नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक), ॲनहायड्राइटचे (कॅल्शियम सल्फेटचे) थर.

बाहेरच्या गंधकावर एवढा भर का, हे एका हिशेबाने कळते. समजा, १ कोटी टन सल्फाइडचा घट्ट, म्हणजे जवळजवळ अखंड सल्फाइडचा साठा आहे आणि त्यात ३६ टक्के गंधक आहे. म्हणजे ३६ लाख टन गंधक. स्फटिकीभवनातून शिलारसाने आपल्या गंधकातले २०० पीपीएम सोडले असे धरले, तर हा साठा भरायला १,८०० कोटी टन शिलारस लागेल, म्हणजे सहा घन किलोमीटरहून जास्त. आणि त्यातला प्रत्येक थेंब एका जागी जमायला हवा! सैबेरियातल्या नोरिल्स्क-तालनाख इथल्या, जगातल्या सर्वांत समृद्ध निकेल-तांबे-पॅलेडियम साठ्यांपैकी काही ज्यांत आहेत त्या राशी, जाडीला बहुतेक ठिकाणी एकदोनशे मीटरच्या घरात भरतात. एवढ्याशा राशीतल्या गंधकातून एवढे सल्फाइड निघणे शक्यच नाही. तिथे शिलारस ॲनहायड्राइट आणि इतर गाळखडकांतून वाट काढत आला. कॅनडाच्या लॅब्राडोरमधल्या व्हॉइझीज बे इथे शिलारसाने टासिउयाक नाइस खाल्ला, तर अमेरिकेच्या मिनेसोटात डुलुथ राशीने व्हर्जिनिया फॉर्मेशनचा गंधकयुक्त शेल. पश्चिम ऑस्ट्रेलियात कम्बाल्डा इथे तर अतितप्त, मॅग्नेशियमने समृद्ध अशा कोमॅटिआइट लाव्हाने वाहता वाहता आपल्या तळातला गंधकयुक्त गाळच वितळवून घेतला.

एक पुरवणी. ऑक्सिजनची उपलब्धता जास्त असलेल्या शिलारसात गंधक सल्फेटच्या रूपात राहते, आणि सल्फेट कितीतरी जास्त विरघळते. ज्वालामुखी कमानींखालच्या (एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो तिथल्या ज्वालामुखींच्या रांगांखालच्या) पुष्कळ शिलारसांची अवस्था अशी असते. त्यांतले तांबे सल्फाइडच्या थेंबांत लवकर न अडकता पुढे पाण्याच्या द्रावणांबरोबर निसटून पॉर्फिरी साठ्यांत (तांबे खडकात विखुरलेल्या साठ्यांत) जाऊ शकते. त्या साठ्यांतला चाल्कोपायराइट (तांबे-लोहाचे सल्फाइड) उष्ण द्रावणातून बसलेला असतो. तिथे आजचा मजकूर जसाच्या तसा लावू नका.

थेंब सुटला म्हणजे काम झाले, असे समजणे

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच आहे असे माझे मत आहे, म्हणून इथे थोडे रेंगाळतो.

कोणता धातू थेंबाकडे किती ओढला जातो, हे विभाजन गुणांकाने सांगतात: समतोल साधल्यावर सल्फाइडमधले प्रमाण भागिले सिलिकेटमधले प्रमाण. निकेलसाठी हा आकडा शेकड्यांत असतो, तांब्यासाठी हजाराच्या आसपास, आणि प्लॅटिनम, पॅलेडियम, इरिडियमसाठी दहा हजारांपासून कित्येक लाखांपर्यंत. नवखा माणूस यावरून सरळ गुणाकार करतो: शिलारसात पॅलेडियम १० पीपीबी (अब्जात १० भाग), गुणांक १ लाख, तर सल्फाइडमध्ये १,००० पीपीएम! असे कुठे सापडत नाही, आणि मग गुणांकच चुकीचा असल्याचा संशय येतो.

चूक गुणांकात नसते. थेंबाने आसपासच्या शिलारसातले पॅलेडियम शोषून घेतले की तो शिलारस रिकामा होतो. पुढचे पॅलेडियम हवे असेल तर थेंबाला ताजा शिलारस भेटला पाहिजे. कॅम्बेल आणि नॉल्ड्रेट यांनी १९७९ मध्ये हीच गोष्ट एका साध्या गुणोत्तरात बांधली. थेंबाने जितक्या शिलारसाशी समतोल साधला त्याचे वस्तुमान भागिले थेंबाचे वस्तुमान, म्हणजे आर. सूत्र असे: शिलारसातले मूळ प्रमाण गुणिले गुणांक, गुणिले (आर अधिक १), आणि या सगळ्याला भागिले (आर अधिक गुणांक).

आकडे घालून पाहू. मूळ शिलारसात निकेल ४०० पीपीएम, गुणांक ३००. पॅलेडियम १० पीपीबी, गुणांक १ लाख. आर १०० असेल तर सल्फाइडमध्ये निकेल ३ टक्के येते आणि पॅलेडियम जेमतेम १ पीपीएम. आता आर १०,००० करा. निकेल ११.७ टक्क्यांवर जाते, म्हणजे चौपटीला थोडे कमी. पॅलेडियम मात्र ९१ पीपीएमवर पोचते, म्हणजे नव्वदपट! आर आणखी दहापट वाढवला तर निकेल जागचे फारसे हलत नाही, कारण १२ टक्क्यांची त्याची कमाल जवळ आलेली असते. पॅलेडियम मात्र ५०० पीपीएमपर्यंत चढते.

या एका हिशेबात बऱ्याच कोड्यांची उत्तरे आहेत. निकेल चांगले पण पॅलेडियम नगण्य दिसले तर 'इथला शिलारसच प्लॅटिनम गटात गरीब होता' असे लगेच लिहू नका. कमी आर असला तरी हेच चित्र दिसते. उलट, दक्षिण आफ्रिकेच्या बुशवेल्ड राशीतल्या मेरेन्स्की रीफ या पातळ थरामध्ये सल्फाइड अगदी थोडे, पण प्लॅटिनम गटाचे धातू भरपूर. मोजके थेंब आणि अफाट शिलारस, हे त्याचे एक सरळ स्पष्टीकरण. त्या रीफच्या घडणीवर अजून वाद आहेत. काही जण खालून वर आलेल्या द्रावणांनाही भूमिका देतात. पण सल्फाइड कमी म्हणून साठा किरकोळ, हा निष्कर्ष कोणत्याच बाजूने टिकत नाही.

आर वापरताना आणखी एक घोटाळा होतो. राशीचे आजचे घनफळ मोजून, त्याला सल्फाइडच्या वस्तुमानाने भागून कोणीतरी आर काढतो. पण ज्या राशीतून शिलारस वाहत गेला, तिथे थेंबांना भेटून पुढे निघून गेलेला शिलारस आता तिथे नसतोच. तो वर लाव्हा म्हणून पसरलेला असेल किंवा कधीच झिजून गेला असेल. वाहत्या नळीतला थेंब एका जागी अडकून नवा-नवा शिलारस भेटत गेला तर तो टप्प्याटप्प्याने समृद्ध होतो. म्हणून आजची राशी म्हणजे भांडे नव्हे, ती वाट असू शकते. आणि एकक सांभाळा: निकेल पीपीएममध्ये, पॅलेडियम पीपीबीमध्ये, उत्तर टक्क्यांत. निम्म्या चुका इथेच घडतात.

समस्थानिके शून्याजवळ, म्हणून बाहेरचे गंधक नाही, असे ठरवणे

गंधक-३४ आणि गंधक-३२ (गंधकाचे जड आणि हलके समस्थानिक) यांचे गुणोत्तर एका ठरलेल्या मानकापासून किती ढळले ते प्रतिहजारात सांगतात; प्रावरणात हे मूल्य शून्याच्या आसपास असते. नोरिल्स्कच्या धातुकात ते साधारण +८ ते +१२ पर्यंत जाते, आणि ॲनहायड्राइटकडे बोट दाखवायला तो भक्कम पुरावा आहे. पण याचा व्यत्यास खरा नाही.

वरचाच आर पुन्हा घ्या. समजा, बाहेरून आलेले गंधक +१६ चे आहे आणि त्याच्या थेंबात ३५ टक्के गंधक आहे. शिलारसात ०.१ टक्का गंधक, शून्य मूल्याचे. आर १,००० असेल तर थेंबाच्या ०.३५ भाग गंधकासमोर शिलारसातला १ भाग येतो, आणि अदलाबदल होऊन मूल्य +४ वर उतरते. आर ५,००० असेल तर +१! म्हणजे ज्या प्रक्रियेने थेंब धातूंनी समृद्ध झाला, तिनेच त्याच्या गंधकाची ओळख पुसली. समृद्ध साठ्यात बाहेरच्या गंधकाची खूण फिकी असणे स्वाभाविकच आहे.

दुसरी अडचण फार जुन्या खडकांची. आर्कियन काळातल्या (२५० कोटी वर्षांहून जुन्या) गाळात गंधकाची मूल्ये मुळातच शून्याजवळ असू शकतात. तिथे गंधक-३३ मोजा. वातावरणात ऑक्सिजन नव्हता तेव्हा, म्हणजे सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत, वातावरणातून गेलेल्या गंधकावर एक वेगळी छाप उमटायची आणि प्रावरणाच्या गंधकात ती नसते. गंधक-सेलेनियम गुणोत्तरही मदत करते, पण तेसुद्धा आरच्या परिणामातून सुटत नाही.

जड म्हणून तळाशीच असणार, असे गृहीत धरणे

सल्फाइडच्या रसाची घनता ४ च्या वर, बेसाल्टी शिलारसाची २.७ च्या आसपास. मग बोअर थेट राशीच्या तळाला नेण्याचा मोह होतो, आणि पुष्कळदा तो फळतोही. तरीही थोडा हिशेब करा. २ मिलिमीटर व्यासाचा थेंब, ५० पास्कल-सेकंद श्यानतेच्या शिलारसात, दिवसाला ५ मीटरच्या आसपास खाली सरकतो. ०.२ मिलिमीटरचा थेंब दिवसाला ५ सेंटिमीटर. शिलारस सेकंदाला काही सेंटिमीटरने जरी वर येत असेल तरी असे थेंब त्याच्याबरोबर सहज वाहून जातील. ते खाली पडतात ते वाहण्याचा जोर मोडतो तिथे: अरुंद वाट एकदम रुंदावते तिथे, वळणावर, तळातल्या खोलगट जागेत. व्हॉइझीज बेचा प्रसिद्ध 'ओव्हॉइड' साठा शिलारसाच्या वाहिन्यांच्याच जाळ्याशी जोडलेला आहे. तेव्हा आधी वाहिनीचा आकार शोधा, तळ त्यानंतर.

थेंब चक्क वरही जाऊ शकतो. सल्फाइडचा थेंब वायूच्या बुडबुड्याला चिकटतो आणि बुडबुडा मोठा असला तर जोडी तरंगते. २०१५ मध्ये ही कल्पना प्रयोगांच्या आधाराने मांडली गेली, आणि नोरिल्स्कच्या खडकात सल्फाइडच्या गोळ्यांवर बसलेल्या, नंतर सिलिकेटने भरलेल्या टोप्या तिच्याशी जुळतात. राशीच्या वरच्या भागात गोलसर सल्फाइड दिसले तर त्याला नंतरच्या द्रावणांची करामत म्हणून लगेच बाजूला टाकू नका.

आणि घट्ट साठा तयार झाल्यावरही हा रस स्वस्थ बसत नाही. तो फार पातळ असतो आणि सिलिकेट गोठल्यावरही बराच काळ द्रवरूप राहतो. आधी थिजलेल्या स्फटिकांच्या फटींतून तो खाली झिरपतो, तळाच्या खडकाच्या भेगांत शिरतो. धातुक राशीच्या सीमेबाहेर सापडले म्हणून ते 'वेगळ्या उगमाचे' ठरत नाही.

हातातल्या एका तुकड्याला मूळ रस समजणे

सल्फाइडचा रस थंड होताना त्याचेही स्फटिकीभवन टप्प्याटप्प्याने होते. साधारण १,१५० अंश सेल्सियसच्या आसपास आधी लोह-निकेलचे एकसल्फाइडी घन द्रावण घडू लागते. इरिडियम, ऑस्मियम, रुथेनियम, ऱ्होडियम त्यात जातात. तांबे, प्लॅटिनम, पॅलेडियम, सोने उरलेल्या द्रवात राहतात, आणि तो द्रव पिळून निघून दुसरीकडे जमतो. पुढे ते घन द्रावण थंड होताना त्यातून पायरोटाइट आणि पेंटलंडाइट (निकेल-लोहाचे सल्फाइड) वेगळे होतात. तांब्याच्या द्रवातून चाल्कोपायराइट आणि क्यूबनाइट ही तांब्याची खनिजे येतात. कॅनडाच्या सडबरीत तळखडकातल्या तांब्याच्या समृद्ध शिरा अशा उरलेल्या द्रवाच्या मानल्या जातात. ती राशी मुळात सुमारे १८५ कोटी वर्षांपूर्वीच्या उल्कापाताने वितळलेल्या कवचाची, म्हणजे तिथे नेहमीची कथाच वेगळी, पण सल्फाइडच्या थिजण्याचा क्रम तोच.

मग एका तुकड्यात तांबे २० टक्के आणि इरिडियम नगण्य दिसले, तर तो मूळ रस नव्हे. शेजारचा निकेल-इरिडियमवाला तुकडाही नव्हे. दोघांना त्यांच्या वस्तुमानानुसार एकत्र केल्यावरच आरचा हिशेब करा.

नुसती टक्केवारी पाहून तुलना करणे

दोन नमुने. पहिल्यात निकेल ०.५ टक्के, गंधक १.८ टक्के. दुसऱ्यात निकेल १.५ टक्के, गंधक ३० टक्के. दुसरा सरस वाटतो. आता दोन्हींची १०० टक्के सल्फाइडवर आकडेमोड करा. सल्फाइडमध्ये गंधक ३६ टक्के धरले तर पहिल्यात सल्फाइड ५ टक्के, दुसऱ्यात ८३ टक्के. दुसऱ्या सल्फाइडमध्ये निकेल १.८ टक्के. पहिल्यात? ०.५ ला ०.०५ ने भागून १० टक्के लिहाल तर पुन्हा चुकाल. ऑलिव्हिनच्या जाळीतही निकेल असते. सिलिकेटमधले ०.२ टक्के वजा करा, उरले ०.३, म्हणजे सल्फाइडमध्ये ६ टक्के. तरीही दुसऱ्याच्या तिपटीहून जास्त. म्हणूनच ऑलिव्हिनयुक्त खडकात एकूण निकेलबरोबर फक्त सल्फाइड विरघळवणारे विश्लेषण मागवणे मी सक्तीचे मानतो. पाण्याच्या संपर्काने ऑलिव्हिनचे सर्पेंटाइन बनताना गंधक निघून गेले असेल तर हीच आकडेमोड खोटे श्रीमंत उत्तर देते. हीझलवूडाइटसारखी गंधक-गरीब खनिजे दिसली की सावध व्हा.

विद्युतचुंबकीय सर्वेक्षणाबद्दल दोनच शब्द: पायरोटाइट वीज उत्तम वाहून नेते, तसाच ग्रॅफाइटी शेलही. गंधक पुरवणारा शेल आणि धातुक बहुधा शेजारीच असल्यामुळे ही गल्लत टळणे कठीण. बोअरमधल्या मोजणीशिवाय निकाल देऊ नका.

धातू नसलेला खडक टाकून देणे

लाव्हाच्या विश्लेषणात निकेल, तांबे कमी, पॅलेडियम तर मोजता न येण्याइतके. अहवालात शेरा पडतो, 'निष्फळ'. नोरिल्स्क परिसरात नाडेझ्डिन्स्की नावाचे बेसाल्टचे थर नेमके असेच आहेत: कवचाने दूषित, आणि निकेल, तांबे, प्लॅटिनम गट यांत कमालीचे रिते. पण मॅग्नेशियमच्या मानाने त्यांत जितके निकेल असायला हवे होते, तितके नाही. याचा अर्थ वाटेत कुठेतरी सल्फाइडने ते काढून घेतले.

अशा खडकात तांबे आणि पॅलेडियम यांचे गुणोत्तर पाहा. प्रावरणातून सल्फाइड न गमावता आलेल्या शिलारसात ते साधारण काही हजारांत असते. थोडे जरी सल्फाइड सुटले तरी पॅलेडियम तांब्यापेक्षा खूप आधी निघून जाते आणि गुणोत्तर दहा हजारांच्या बरेच वर उडी घेते. ऑलिव्हिनमधले निकेलही मोजा, पण एका नमुन्यावर विसंबू नका. स्फटिकीभवनानेही निकेल उतरते, आणि शेजारी सल्फाइड अडकलेले असेल तर ऑलिव्हिन त्याच्याशी देवाणघेवाण करून पुन्हा निकेल मिळवते. मॅग्नेशियमच्या घसरणीबरोबर निकेलची घसरण आलेखावर मांडा. नेहमीच्या रेषेच्या खाली गेलेले नमुने वेगळे काढा. मग ते रिते थर ज्या वाहिनीतून वर आले ती वाहिनी नकाशावर खालच्या दिशेने मागे शोधत जा. तिथे गंधकयुक्त थर कुठे कापला गेला आणि त्यापुढे वाट कुठे रुंदावली, ते पाहा.